आधी आपल्या दातांना

आत्याच्या पार्लरमध्ये एकच नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला ती उंबऱ्याच्या आत ठेवत नसे: जे लावायचं ते आधी आपल्याला, मग गिऱ्हाइकाला. केसांचा नवा रंग आला की त्याचा पहिला ठिपका आत्याच्या कानामागे. नवं मेण आलं की पहिली पट्टी आत्याच्या पोटरीवर. एकदा कसल्याशा लेपाने तिचा एक गाल टोमॅटोसारखा सुजला, तर त्याच सुजल्या गालाने ती त्या लेपवाल्याच्या दुकानात गेली, डबा त्याच्या टेबलावर आपटला आणि म्हणाली, "आता तू लाव. माझ्यासमोर." त्याने लावला नाही. तिनेही त्यानंतर त्याच्याकडून साधा कंगवासुद्धा घेतला नाही.

अशी ही बाई. उंचीने बेताची, आवाजाने नाही. आणि हसली की काय हसायची! पांढरेशुभ्र, एका रांगेतले दात. नव्या बायका केस कापायला बसल्या तरी आरशात आधी तिचे दात बघायच्या. "तुम्ही काय लावता हो दातांना?" असं कुणी विचारलं की आत्या कैचीसुद्धा न थांबवता सांगायची, "काही नाही. मन स्वच्छ ठेवते." बायका हसायच्या. आत्याची भाची मात्र त्या वेळी जमिनीवरचे केस झाडायला लागायची.

भाची म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. कॉलेजसाठी म्हणून आत्याकडे राहायला आली, कॉलेज संपलं, भाची राहिली. केस धुवायचं, रंगवायचं, मेण लावायचं, सगळं ती आत्याच्या हाताखाली शिकली. तिचे दात पिवळट होते. घाणेरडे नव्हेत, पिवळट. बापाकडून आले होते, नाकासारखे. पार्लरची एक जुनी गिऱ्हाईक होती, बँकेत मोठ्या खुर्चीवर बसणारी, तिने पहिल्याच दिवशी भाचीला हसताना बघितलं आणि खुर्चीतूनच म्हणाली, "अगं बाई, हे तर भाजायला काढलेलं कणीस!" झालं. त्या दिवसापासून भाची कणीस झाली ती झाली. नावं ठेवणाऱ्याचं काय जातं? तोंडाची वाफ. ज्याला ठेवलं त्याने आपलं ओठ मिटून हसायला शिकायचं. कणीस शिकली होती.

तर समोरच्या इमारतीत एक दातांचा दवाखाना उघडला. त्याच्या काचेवर एका हसऱ्या तोंडाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, दात उजळून मिळतील. पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या बायका आरशातून ते चित्र बघायला लागल्या. आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. दातवाले ही जमात तिला आधीच आवडत नसे. का, ते ती कुणाला सांगत नसे.

"काय लावतात ते दातांना?" तिने बँकवालीला विचारलं.

"पेरॉक्साइड की काय ते. माझी मैत्रीण जाऊन आली ना."

आत्याची कैची थांबली. कणसाने तो चेहरा ओळखला. तो चेहरा झाला की आत्याला काहीतरी सुचलेलं असायचं, आणि मग घरातलं कपाट तरी हलायचं नाहीतर सोफा तरी.

"पेरॉक्साइड?" आत्या म्हणाली. "त्याच्या बाटल्यांवर तर माझं अर्धं आयुष्य गेलं! काळे कुळकुळीत केस त्याने सोनेरी होतात, तर पिवळे दात पांढरे व्हायला काय धाड भरलीय?"

आता ही चूक दुसऱ्या कुणाला सुचली नसती. वाण्याला नाही, मास्तरणीला नाही. बाटलीवरचं नाव तेच, काम तेच, रंग घालवायचं. केस उजळवणाऱ्या बाईलाच वाटू शकतं की दात म्हणजे जरा टणक केस. आत्याने त्याच संध्याकाळी केसांचं पेरॉक्साइड क्रीम वाटीत काढलं, त्यात पेपरमिंटचे थेंब टाकले, आणि नियमाप्रमाणे आधी स्वतःला लावलं. रंगाच्या बारीक ब्रशने, पुढच्या दातांवर, एकेक करून. बराच वेळ ओठ फाकवून आरशासमोर बसली, मग चूळ भरली.

"बघ. काही होतं का? ना झोंबत, ना दुखत. वर चकाकी आली."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशीही. काही झालं नाही. मग रविवारी, पार्लर बंद असताना, तिने कणसाला खुर्चीत बसवलं. कणीस नको म्हणाली का? छे. खरं सांगायचं तर तिला हवं होतं. कणीस म्हणून हाक मारून घ्यायचा तिला आतून कंटाळा आला होता, आणि आत्याने आजवर जे जे लावलं ते नीटच लावलं होतं.

लावलं. पेपरमिंट गार लागलं. थोड्या वेळाने हिरड्या चरचरायला लागल्या. कणीस काहीतरी म्हणायला गेली, तर आत्या म्हणाली, "बोलू नकोस, पुसलं जाईल." चूळ भरली तेव्हा हिरड्यांची कड पांढरी पडली होती, साय धरल्यासारखी. आणि पाण्याचा घोट आत गेला तशी पुढच्या दातांतून अशी काही कळ निघाली की कणीस खुर्चीतून उठून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून भिंतीला टेकली.

"तुझे दातच नाजूक," आत्या म्हणाली. घाबरली होती, म्हणून आवाज चढवला होता. "मला नाही काही झालं. मीठपाण्याने गुळण्या कर, उद्या बरं वाटेल."

उद्या बरं वाटलं नाही. वारा तोंडात गेला तरी कळ यायची. तेव्हा कणीस आत्याला न सांगता रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेली.

दातांची डॉक्टरीण तरुण होती, गप्पिष्ट होती, आणि आरसा तोंडात घालून प्रश्न विचारायची तिला वाईट सवय होती. काय लावलं ते कणसाने सांगितलं, कुणी लावलं ते सांगितलं नाही. डॉक्टरीण खुर्ची फिरवून समोर बसली.

"हे बघ, केसाला जीव नसतो, दाताला असतो. केसावर कितीही वेळ ठेव, तो ओरडत नाही. दाताच्या आत नस आहे. शिवाय ते क्रीम तोंडासाठी केलेलंच नाही. हिरडी भाजलीय तुझी. भरून येईल, पण पुन्हा लावलंस तर दातही कायमचे झोंबरे होऊन बसतील."

"म्हणजे दात उजळवायचेच नाहीत का कधी?"

"मी कुठे म्हटलं तसं? उजळव की. पण आधी हे बरं होऊ दे. मग दात साफ करू, मागे एक कीड दिसतेय ती भरू. किडक्या दातात औषध गेलं तर तू भिंत चढशील. मग तुझ्या दातांच्या मापाचा साचा करून त्यात सौम्य औषध घालायचं, रोज थोडा वेळ, काही आठवडे. दुखलं की थांबायचं. लिंबू नाही, कोळसा नाही, सोडा घासणं नाही. आणि एक सांगते, पिवळट दात हा आजार नाही. खूप जणांचे असतात. उजळतील, पण तुझ्या दातांचा जो मूळ रंग आहे त्याच्या जवळपासच. कागदासारखे पांढरे दात कुणाचे नसतात. दिसलेच, तर बहुतेक बसवलेले असतात. त्यांना हे औषध लागतच नाही. कवळीला लाव नाहीतर चहाच्या कपाला लाव, सारखंच!"

डॉक्टरीण आपल्याच विनोदावर हसली. कणीसही हसायला गेली आणि मध्येच थांबली.

बाथरूमच्या आरशामागे एक झाकणाची वाटी असायची. रात्री भरलेली, सकाळी रिकामी. कणसाने ती आत्याकडे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बघितली होती, आणि आपण बघितली हे आत्याने बघितलं होतं. त्यावर दोघी त्या दिवशी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत, पुढेही कधी नाही. आत्याच्या हिरड्या तरुणपणीच वाईट झाल्या होत्या. रक्त यायचं, दात हलायचे. जगातल्या कशालाही न भिणारी ही बाई दातवाल्याच्या खुर्चीला मात्र लहान मुलीसारखी भ्यायची. टाळत टाळत गेली तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढं कणसाला तिच्या बापाने सांगितलं होतं, तेही दार लावून. "दातवाल्याकडे गेली तेव्हा तोंडात दात होते, आली तेव्हा नव्हते. तिचा राग त्याच्यावर आहे. आणि हे बाहेर कळलं तर तुझी आत्या माझं नाव टाकेल," असं बाप म्हणाला होता.

म्हणजे आत्याने रोज ते क्रीम कवळीला लावलं होतं. आणि छाती पुढे काढून सांगत होती, मला काही झालं नाही!

ती लबाडी करत होती का? कणीस रस्त्याच्या कडेला उभी राहून याचाच विचार करत होती. नाही. लबाड माणूस आपल्या भाचीला पहिली बसवत नाही. वर्षानुवर्षं त्या दातांनी खाल्लं, त्या दातांनी बोलली, लोकांनी वाहवा केली. दिवसाउजेडी ते दात तिचेच झाले होते. झाकली मूठ इतकी वर्षं झाकलेली राहिली की आत काय आहे हे मूठवालीच विसरून गेली.

घरी कणसाने विषय काढला. आडून काढला. "आत्या, तुला दुखलं नाही, कारण..."

"कारण काय?" आत्या गर्रकन वळली.

कणसाने वाक्य बदललं. "समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केसांचं क्रीम दातांना लावायचं नसतं."

"तू गेलीस तिकडे? माझ्या दुकानासमोरून, माझ्या नाकावर टिच्चून?" आत्याने हातातला टॉवेल पिळायचा सोडून झटकला. "त्या भीती घालूनच जगतात. मी स्वतःला लावून बघितलंय. माझा शब्द मोठा की तिचा? शनिवारी बँकवाली येणार आहे. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी जमणार आहेत, तिला दात उजळून हवेत. तिला झालं की सगळी बँक माझ्याकडे येते की नाही बघ."

कणीस त्या आठवड्यात नीट जेवली नाही. दात दुखत होते म्हणून एक, आणि दुसरं हे. सांगावं तर आत्याची इज्जत भर दुकानात उघडी पडणार. जिने आपल्या ताटातलं खाऊ घातलं, हाताला काम दिलं, तिची. न सांगावं तर एका बाईच्या तोंडाला आग लागणार. आणि ती बाई कोण? जिने कणीस हे नाव ठेवलं ती! दैवालाही काय चेष्टा सुचते बघा. एकदा तर कणसाच्या मनात आलंच, होऊ दे तिचं जे व्हायचं ते, भाजू दे जीभ. मग तिने गार पाण्याचा घोट घेतला, कळ डोक्यात गेली, आणि मनातलं ते निघून गेलं. अशी कळ दुश्मनालाही नको.

शनिवार उजाडला. दुपारी पार्लर भरलं. एक डोक्याला फॉइल लावून बसलेली, एक नखं वाळवत होती, दोघी बाकावर नंबर लावून. बँकवाली मधल्या खुर्चीत, गळ्याभोवती टॉवेल. आत्याने वाटीत क्रीम काढलं, पेपरमिंटचा वास दरवळला.

"दुखणार नाही ना हो?" बँकवालीने विचारलं. एरवी सगळ्यांना घाम फोडणारी बाई, पण आत्ता तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

"मी काय सांगते? माझा नियम माहीत आहे ना तुम्हाला? आधी आपल्याला, मग गिऱ्हाइकाला. कितीतरी वेळा लावलंय मी. हिला विचारा. सांग गं."

सगळ्या आरशांतून सगळ्या बायका कणसाकडे बघायला लागल्या.

कणीस पुढे आली. तिने आत्याच्या हातातली वाटी घेतली. आत्याला वाटलं, मदतीला आली, म्हणून तिने दिली.

"मी हे लावू देणार नाही," कणीस म्हणाली.

"काय?"

"ह्यांच्या दातांना मी हे लावू देणार नाही. कुणाच्याच नाही."

फॉइलवालीने मासिक खाली ठेवलं. आत्या हसली, ते गिऱ्हाइकांसाठीचं हसू होतं. "हिचे दात जरा झोंबले ना, घाबरलीय. दे इकडे."

"नाही देत."

"दे म्हणते ना!"

"नाही."

"अहो, काय आहे काय त्यात?" बँकवाली टॉवेल सावरत उठायला लागली. "मला कळायला नको?"

"हिरडी भाजते," कणीस म्हणाली, आणि जे तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते केलं: ओठ वर ओढून सगळ्यांना दात दाखवले, हिरड्यांसकट. अजून त्या कडेने फिक्या होत्या, सालपटं निघत होती. "रविवारी मला लावलं. अजून पाणी पिता येत नाही. दात उजळवायचे तर समोर जा, तपासून घ्या, सावकाश करा. नाहीतर पिवळे राहू देत. माझे आहेत तसे. काय बिघडलं?"

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या दुकानात उभी राहून समोरच्यांची जाहिरात करतेस? ज्या घरचं खातेस त्याच घराला चूड लावतेस? मी स्वतःला लावून घेतलं तेव्हा का नाही भाजलं? सांग ना! सांग सगळ्यांना!"

"मी नाही सांगणार."

"का? जीभ पण भाजली का?"

"तुला सांगायचं तर तू सांग. मी सांगणार नाही आणि मी लावूही देणार नाही."

"बाहेर हो," आत्या म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. दुकानातूनही आणि घरातूनही."

कणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत वाटी होती. ती दाराकडे गेली नाही. ती हात धुवायच्या बेसिनपाशी गेली, वाटी उलटी केली आणि नळ सोडला. मग आत्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि बोलली. आवाज खाली होता, पण दुकानात इतकी शांतता होती की नखं वाळवणारीलाही ऐकू गेलं.

"आत्या, नियम तुझाच आहे. आणि तू स्वतःला लावलंच नाहीस गं."

आत्याने तोंड उघडलं. काहीतरी झणझणीत येणार होतं, सगळ्यांना दिसत होतं. ते आलं नाही. तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला, एक बोट पुढच्या दातांवर टेकलं, आणि तिथेच राहिलं. काय झालं ते बाकीच्यांना कळलं नाही. कणसाला कळलं. आत्याला आत्ता, ह्या क्षणी, आपल्या तोंडात काय आहे ते आठवलं होतं.

ती बाकाच्या कडेला बसली. तिने कणसाच्या हिरड्यांकडे पाहिलं, ज्या तिने रविवारी बघून न बघितल्यासारख्या केल्या होत्या.

"अगं पोरी," ती म्हणाली. "तुला लावलं गं मी."

मग ती उठली. आता आत जाऊन दार लावून घेईल असं कणसाला वाटलं. आत्या गेली ती बँकवालीच्या खुर्चीपुढे, सगळ्यात मोठ्या आरशासमोर, जिथे सगळ्या बाजूंनी दिसतं. तिने दोन बोटं तोंडात घातली. खालची काढली, वरची काढली, आणि दोन्ही स्वच्छ टॉवेलवर ठेवल्या.

"हे बघा," ती म्हणाली. गाल आत गेले होते, शब्द मऊ पडले होते, पण आवाज तोच. "ह्यांना लावलं होतं मी. म्हणून नाही दुखलं. पोरगी सांगत होती, मी ऐकलं नाही. ती मला झाकत राहिली आणि मी तिला घराबाहेर काढत होते."

बाकावरच्या दोघींपैकी एक फिसकन हसली आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"हसा, हसा," आत्या तिच्याकडे वळून म्हणाली. "तुमचे आहेत तोवर हसून घ्या. माझ्याही हिरड्यांतून रक्त यायचं, मीही लाजेने आणि भीतीने बसून राहिले. मन स्वच्छ ठेवत होते!" मग बँकवालीला म्हणाली, "उठा. समोर जा. त्या बाईंना म्हणावं, मी पाठवलंय. आणि परत आलात की माझ्या भाचीला कणीस म्हणायचं नाही. दुसरं काय म्हणायचं ते तिला विचारा."

बँकवाली उठली. तिने गळ्याचा टॉवेल काढला, घडी केली, कणसाच्या हातात दिली. जाताना काचेच्या दाराशी थांबून तिने आपल्या हिरड्यांवरून हळूच जीभ फिरवली, तेवढं आरशात दिसलं.

"पुढचा नंबर कुणाचा?" आत्याने विचारलं. कवळी टॉवेलवर तशीच होती. तिने ती घातली नाही.

मघाशी हसलेली बाई चाचरत उठली. तिला भुवया कोरून हव्या होत्या. भुवयांच्या कामाला आत्या कुणाला हात लावू देत नसे, कणसालाही नाही. त्यात दोऱ्याचं एक टोक दातांत घट्ट धरावं लागतं आणि दोरा दोन्ही हातांत पिळून चालवावा लागतो. जरा ढिला पडला की कातडी चिमटीत येते. आत्याने रीळ उचललं, दोरा तोडायला सवयीने तोंडाशी नेला, आणि तिचं तिलाच हसू आलं. भर दुपारी, भरल्या दुकानात, बोळक्या तोंडाने ती पोट धरून हसली.

मग तिने कात्रीने दोरा कापला आणि त्याचं टोक भाचीच्या तोंडापुढे धरलं.

"धर गं," ती म्हणाली. "तुझे तुझे आहेत."